घरच्या ध्वनिमुद्रणासाठी आर्डर: बसवण्यापासून स्टेम देण्यापर्यंत

स्टुडिओत वापरतात त्या प्रो टूल्स सॉफ्टवेअरची फुकट नक्कल शोधत बसू नका. आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर. गळा, पेटी, तबला असं प्रत्यक्ष वाजणारं मुद्रित करायचं असेल तर आर्डर (Ardour) हे अनेक ट्रॅकवर मुद्रण करणारं सॉफ्टवेअर घ्या. एलएमएमएस हे सॉफ्टवेअर संगणकावरच बीट आणि सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे) सूर रचायला छान आहे, पण त्याच्या १.२ आवृत्तीत माइकवरून मुद्रण होतच नाही. नुसत्या निवेदनाला ऑडॅसिटी हे साधं सॉफ्टवेअर पुरतं.

आर्डरचा सोर्स कोड मुक्त आहे, तयार प्रोग्रामला मात्र आर्डरच्या साइटवर पैसे पडतात आणि तिथली मोफत चाचणी प्रत १० मिनिटांनी गप्प होते. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींच्या सॉफ्टवेअर भांडारातून तोच प्रोग्राम विनामूल्य बसतो.

सेशन (आर्डरमधला गाण्याचा प्रकल्प) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. खरी कटकट बफरची, म्हणजे संगणक आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी हाताळतो त्याची. १२८ सँपलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आत-बाहेर धरून त्याच्या दुपटीहून जास्त उशीर होतो, तरी गायकाला तो चालतो. मिक्सिंगला १०२४ करा. मुद्रण करताना आवाज तडतडला आणि एक्सरनचा (आवाजाचा तुकडा हुकल्याचा) आकडा वाढला, तर लगेच इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) दोष देऊ नका. मशीनला बफर वेळेत भरता आलेला नसतो. लिनक्सवरचं आपलं खातं 'ऑडिओ' गटात आहे का पाहा (घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावं लागतं), प्रोसेसर परफॉर्मन्स मोडवर ठेवा, वायफाय बंद करा. तरीही थांबलं नाही तर बफर २५६.

ठाण्याच्या घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये अवजड गाड्यांची घरघर माइकमध्ये येतेच. पंखा बंद, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या) माइकची पाठ खिडकीकडे, आणि गळ्याच्या ट्रॅकवर आर्डरसोबत येणाऱ्या एसीई फिल्टरने ८० हर्ट्झखालचं कापा. तोच फिल्टर डग्ग्यावर लावू नका, घुमारा जातो. सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगचा. पातळी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तबल्याची एखादी थाप अचानक उसळते, तेवढी जागा लागतेच.

नवं सेशन ४/४ मध्ये उघडतं. रूपकाला ७/४ करा, दादऱ्याला ६/४. क्लिकचा (मेट्रोनोमचा) जोरदार ठोका पहिल्या मात्रेवर पडतो, आणि रूपकात तर समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा! तबलजी हमखास अडखळतो. पसंतींमध्ये मेट्रोनोमचा हा जोर बंद करता येतो, तो आधीच करून ठेवा. सूर दुरुस्त करणारं एक्स-४२ चं ऑटोट्यून प्लगिन (जोड-प्रोग्राम) चांगलं आहे, पण मींडेच्या जागी ते बायपास (तात्पुरतं बंद) करा, नाहीतर मींडेच्या पायऱ्या होतात.

मुंबईतल्या स्टुडिओत प्रो टूल्स असेल तर तुमचं सेशन तिथे उघडणार नाही. सेशन मेनूतून स्टेम (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) एक्सपोर्ट करा: सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, प्लगिनांची प्रक्रिया न लावता. सोबत एक ओळ लिहून द्या: रूपक, ९० बीपीएम, काळी एक.