ईव्ही बुक केलीत? गाडी हातात येईपर्यंत या चुका टाळा

14 फेब्रुवारी 2025 रोजी महिंद्राने बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्यांचं बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी आकडा 30,179 वर गेला. चाकणच्या कारखान्यात त्या दिवशी तीस हजार गाड्या उभ्या नव्हत्या, हे उघड आहे. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये एमजीच्या विंडसरला 24 तासांत 15,176 बुकिंग मिळाली होती. टाटाच्या हॅरियर ईव्हीने जुलै 2025 मध्ये पहिल्या 24 तासांतच दहा हजारांचा टप्पा ओलांडला. असे आकडे छापून आले की ऑफिसात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं, "सर, पुढच्या लॉटमध्ये नक्की."

गाडी कधी बनेल हे तुमच्या हातात नाही, त्यावर चिडूनही उपयोग नाही. पण अनेकदा उलटंच होतं. गाडी यार्डात येऊन उभी राहते आणि घोडं अडतं ते गिऱ्हाइकाकडे. सोसायटीची परवानगी नाही, मीटरचा लोड कमी, कर्जाचं पत्र जुनं झालेलं, नाव कोणाचं टाकायचं यावरून घरात अजून वाद.

पावती म्हणजे गाडी नव्हे

बुकिंगची पावती आली की लोक स्टेटस टाकतात आणि पावती कपाटात ठेवतात. ती आधी वाचा. तिच्यावर व्हेरियंट, रंग, बॅटरीचा आकार, चार्जर धरलाय की वेगळा, आणि पैसे परत मिळण्याची अट, एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं. चार्जरचा मुद्दा छोटा नाही. महिंद्राच्या या दोन गाड्यांची जाहीर किंमत चार्जर सोडून होती. 7.2 किलोवॅटच्या चार्जरला 50 हजार आणि 11.2 किलोवॅटच्या चार्जरला 75 हजार रुपये वेगळे. ज्यांनी हे आधी पाहिलं नाही त्यांचं बजेट शेवटच्या आठवड्यात कोलमडलं.

"वेटिंग किती?" हा प्रश्न तसा फसवाच. तुमच्या व्हेरियंटचं उत्पादन सुरू कधी होणार, हे विचारा. याच गाड्यांच्या जाहीर वेळापत्रकात सर्वात महागडं व्हेरियंट, पॅक थ्री, आधी, मार्चमध्ये होतं. पॅक टू जुलैत आणि पॅक वन ऑगस्टमध्ये. म्हणजे पहिल्या तासाला बुकिंग करूनही स्वस्त मॉडेल घेणारा मागे आणि आठवड्याने आलेला महागड्या मॉडेलवाला पुढे, असं होऊ शकतं. यात लबाडी नाही, कंपन्या नेहमीच असं करतात. पण हे माहीत नसलं की शोरूमच्या काउंटरवर उगाच आवाज चढतो. मध्येच रंग किंवा व्हेरियंट बदलणार असाल तर रांगेतली जागा राहते की जाते, हे मेलवर विचारून घ्या. फोनवरचं "होऊन जाईल" नंतर कोणालाच आठवत नाही.

किमतीचंही तसंच. बहुतेक कंपन्यांच्या अटींत बिल बनेल त्या दिवशीची किंमत लागू होते. विंडसर प्रो मे 2025 मध्ये 17.49 लाखांना आली, पण ती किंमत पहिल्या 8,000 बुकिंगपुरती होती. ती एका दिवसात भरली आणि किंमत 18.10 लाख झाली. म्हणून सुरुवातीची किंमत माझ्या बुकिंगला लागू आहे, एवढं एक वाक्य लेखी मागा. तेवढ्यासाठी कोणी रागावत नाही.

आणि वाट पाहण्यालाही हद्द असते. टेस्लाच्या मॉडेल 3 साठी 2016 मध्ये भारतातूनही लोकांनी एक-एक हजार डॉलर भरले होते. मुंबईत बीकेसीला टेस्लाचं पहिलं शोरूम उघडलं 15 जुलै 2025 ला, आणि तिथे विकायला ठेवली होती मॉडेल वाय. बाजारात तुरी असतानाच ज्यांनी घरात भांडणं उरकून घेतली, त्यांची नऊ वर्षं अशी गेली.

गाडी कोणाच्या नावावर?

आपल्याकडे हौसेने गाडी वडिलांच्या नावावर घेतात, किंवा लकी नंबर बायकोच्या जन्मतारखेचा म्हणून तिच्या नावावर. भावना ठीक आहे, पण हिशोब आधी करा. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. तो बिलावरच्या पॅनवर जमा होतो आणि त्याच व्यक्तीने रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. ज्यांच्या नावावर गाडी घेताय ते रिटर्नच भरत नसतील, तर वीस लाखांच्या गाडीमागे वीस हजार रुपये तिकडेच अडकले.

दुसरी गोष्ट याहून मोठी. हॅरियर ईव्ही किंवा बीई 6 सारख्या गाड्यांच्या बॅटरीची 'लाइफटाइम' वॉरंटी पहिल्या खासगी मालकासाठी असते. आज वडिलांच्या नावावर घेऊन चार वर्षांनी मुलाच्या नावावर केली, की कागदोपत्री मालक दुसरा झाला आणि लाइफटाइम संपलं. घरातल्या घरात बदली झाली म्हणून कंपनी सूट देईल असं धरून चालू नका. गाडी मुलगाच वापरणार असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर असू द्या. पूजा वडिलांच्या हातून करता येतेच.

याच टेबलवर अजूनही एक जुनी गोष्ट ऐकवली जाते. "ईव्ही लोनच्या व्याजावर दीड लाखाची टॅक्स सूट मिळते, सर." ती कलम 80ईईबीची सवलत 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. तुमचं कर्ज आज मंजूर होत असेल तर हप्त्याच्या गणितातून ती काढून टाका.

सगळ्यात महागात पडणारी चूक: प्लगचं नंतर बघू

मेहनत घ्यायची असेल तर ती इथे घ्या.

गाडीसोबत येणारा साधा 15-16 अँपियरचा चार्जर साधारण 3.3 किलोवॅटचा असतो. 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर 32 अँपियर ओढतो. आता विजेच्या बिलावर तुमचा मंजूर भार बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये तो तीन ते पाच किलोवॅट असतो. एसी आणि गिझर चालू असताना त्यावर 7.2 चा चार्जर लावलात की रात्री दोनला एमसीबी पडणार आणि सकाळी गाडी होती तेवढ्यावरच. लोड वाढवायचा अर्ज ऑनलाइन होतो, पण तो गाडी यायच्या आधी करायचा असतो.

घरच्याच मीटरवरून चार्ज करायचं की वेगळं मीटर घ्यायचं, हाही निर्णय आताच घ्या. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं असेल आणि गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर देत असेल, तर दीडशे ते पावणेदोनशे युनिटं बिलात वाढतील. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटांवर पायऱ्या आहेत. आत्ता तुमचं बिल 250 च्या आसपास असेल तर वाढलेली बरीचशी युनिटं वरच्या दराने लागणार. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर आहे आणि त्यासाठी वेगळी जोडणी मागता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क आहे, आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस, ग्रामीण भागात पंधरा दिवस ठरवली आहे. सेक्रेटरीसाहेब "असलं काही नसतं हो" म्हणाले तर हा नियम दाखवा.

सोसायटीचं मात्र नियमाने कमी आणि गोडीने जास्त होतं. कमिटीला तोंडी विचारलंत की उत्तर ठरलेलं: "पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू." त्यापेक्षा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि अर्जासोबत वायरिंगचा साधा नकाशा जोडा. मीटर रूम कुठे, वायर कोणत्या भिंतीने येणार, किती मीटर, कुठे पाइपमधून, खर्च कोणाचा (तुमचा), वीजबिल कोणाचं (तुमचं). कमिटीला ईव्हीची भीती कमी असते. कॉमन मीटरवर कोणी फुकट चार्ज करेल आणि भिंत फोडून ठेवेल, ही खरी भीती. ती कागदावरच मिटवली की अर्धं काम होतं. पार्किंग तुम्हाला नावाने दिलेलं आहे का, हेही तपासा. ज्या इमारतीत दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा बदलतात, तिथे भिंतीवर चार्जर ठोकण्याआधी हा विषय सभेत मिटवायला हवा.

वायरमनबाबत एक सांगणं. मीटरपासून पार्किंगपर्यंत लांब अंतर असेल तर तो पैसे वाचवायला बारीक वायर टाकेल. 32 अँपियरसाठी निदान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची, अंतर जास्त असेल तर 10 ची वायर लागते. सोबत स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे गळती किंवा जादा भार झाला की वीज तोडणारा स्विच, हवाच. आणि अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं. मिक्सर, फ्रिज त्यावर निमूट चालतात. ईव्हीचा चार्जर चालत नाही. लाल दिवा लुकलुकतो, गाडीच्या पडद्यावर फॉल्ट येतो आणि लोक सर्व्हिस सेंटरला गाडी खराब निघाली म्हणून फोन करतात. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. तो दोन-चार व्होल्टच्या वर जात असेल तर दोष गाडीत शोधण्याआधी भिंतीत शोधा.

पैसे आणि जुनी गाडी

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. डीलरने पुढच्या महिन्यात डिलिव्हरी म्हटल्याबरोबर जुनी गाडी विकून टाकली, की मग तीन महिने रिक्षा. एक्सचेंजचा भाव बुकिंगच्या वेळी सांगतात, पण तो गाडी प्रत्यक्ष देताना पुन्हा ठरतो. तो किती दिवस टिकतो ते लिहून घ्या.

कर्ज मंजूर करून ठेवा, पण चेसिस नंबर तुमच्या नावाने मिळाल्याशिवाय बँकेला डीलरकडे पैसे सोडू देऊ नका. महिनाअखेरीला शोरूममधून फार लाडीगोडी होते, "पेमेंट आलं तर गाडी अलॉट होईल सर." पैसे गेले, गाडी आली नाही, आणि पुढच्या पाच तारखेला हप्ता मात्र कापला गेला, अशी उदाहरणं कमी नाहीत.

कोटेशनमधल्या 'आरटीओ खर्च' या ओळीवर बोट ठेवा. बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्क ऑगस्ट 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेने माफ आहे आणि महाराष्ट्रात राज्याचा मोटार वाहन करही माफ आहे. तीस लाखांवरच्या ईव्हींना 6 टक्के कर लावायचा 2025 च्या राज्य अर्थसंकल्पातला प्रस्तावही मागे घेतला गेला. मग उरतात स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा चढवणं असे किरकोळ खर्च. त्या ओळीत मोठा आकडा दिसला तर फोड मागा. विमा बाहेरून घ्यायचा तुमचा हक्क आहे, बाकी त्यात फार खोल जाण्यासारखं नाही.

मुहूर्ताची घाई

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया आणि धनत्रयोदशीला शोरूममध्ये जी झुंबड असते, तीत गाडी नीट पाहून घेणं अशक्य. एकामागून एक गाड्यांना हार, नारळ, फोटो, चावी. मुहूर्त साधायचाय तर साधा, पण गाडी दोन-तीन दिवस आधी यार्डात जाऊन पाहा, आणि तीही पासिंगच्या आधी. एकदा नंबर पडला की गाडी तुमची, मग दारावरचा ओरखडाही तुमचा. ज्यांना अडचण वाटत नाही त्यांनी पितृपक्षात विचारून बघावं. त्या पंधरवड्यात लोक डिलिव्हरी घेत नाहीत, गाड्या यार्डात साचतात, आणि मागचा नंबर पुढे सरकतो.

भर दिवसा जा. चेसिस नंबरचं दहावं अक्षर सहसा उत्पादनाचं वर्ष सांगतं, एस म्हणजे 2025, टी म्हणजे 2026. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी बरेच महिने उभी असेल तर छोटी 12 व्होल्टची बॅटरी उतरलेली असू शकते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. आणि हे कोणीच करत नाही, पण तुम्ही करा: गाडीला घरी असतो तशा साध्या एसी चार्जरवर आणि फास्ट डीसी चार्जरवर, दोन्हींवर लावून दाखवायला सांगा. गाडीतला चार्जर (तो फक्त एसी चार्जिंगला लागतो) बिघडला असेल तर फास्ट चार्जिंगला काहीच कळत नाही. कळतं घरी, रात्री, पहिल्याच दिवशी.

ॲपमध्ये गाडी तुमच्या खात्याला जोडली गेली का, चार्जिंगची केबल डिकीत आहे का, पडद्यावरचं सॉफ्टवेअर ताजं आहे का, हेही तिथेच बघा. फास्टॅग बहुधा चेसिस नंबरवर देतात. गाडीचा नंबर आला की तो त्यात भरून घ्या, गाडी घेतल्यापासून 90 दिवसांच्या आत. अटल सेतूवर 22 ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे, तरी चुकीच्या नोंदीमुळे पैसे कापले गेले तर परत मिळवताना फेऱ्या होतात.

रद्द करायची वेळ आली तर

फोन करून बुकिंग रद्द होत नाही. ज्या मेलवरून बुकिंग केलं त्याच मेलवरून लिहा, बुकिंग क्रमांक टाका आणि पैसे किती दिवसांत येणार ते विचारा. रक्कम सहसा ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेली तिथेच परत येते, म्हणून मित्राच्या क्रेडिट कार्डावरून बुकिंग करण्यात शहाणपण नाही. डीलरने रोख घेतली असेल आणि कंपनीच्या नोंदीत तुमचं नावच नसेल, तर कंपनी कानावर हात ठेवते. त्यामुळे पहिला रुपया कंपनीच्या संकेतस्थळावरूनच भरलेला बरा. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. सोबत पावती, रद्द केल्याचा मेल आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल. "दोन दिवसांत होऊन जाईल सर" असे व्हॉट्सॲपवरचे निरोप असतील तर त्यांचे तारखेसह स्क्रीनशॉटही जोडा.