मिशन ओक: काचकागद हातात घेण्याआधी

जुनं मिशन फर्निचर, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं साधं, सरळ रेषांचं अमेरिकी ओकचं फर्निचर, घरी आलं की पहिल्याच रविवारी सर्वांत महागडी चूक होते. काळपट झालेला ओक 'साफ' करायला काचकागद मारला जातो. पण तो रंग बहुतेकदा वरून फासलेला नसतो. या शैलीचा नावाजलेला निर्माता गुस्ताव स्टिकली याच्या न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यात 1900 नंतरच्या वर्षांत तयार फर्निचर बंद जागेत तीव्र अमोनियाच्या वाफेत ठेवत. ओकमधल्या टॅनिनवर (लाकडातलं तुरट द्रव्य) वाफेची क्रिया होऊन लाकूडच तपकिरी होई. हा रंग फार खोल जात नाही. घासलात की खालचं फिकट लाकूड डोकावतं, आणि मग कुठलाही स्टेन लावा, ठिगळ दिसतंच.

बऱ्याचदा काळेपणा नुसता जुन्या मेणाचा आणि धुळीचा असतो. मिनरल स्पिरिटमध्ये (तेलरंग पातळ करायचं द्रावण) भिजवून पिळलेला सुती कपडा आधी मागच्या बाजूला फिरवून पाहा. पॉलिशवाल्याचं स्पिरिट मात्र नको, लाखेचा थर त्यात विरघळतो. स्टील वूलही नको: तिचे कण ओकच्या रंध्रांत अडकतात आणि ओल लागताच निळे-काळे डाग उमटतात. हिरडा आणि लोखंडाची जुनी शाई आठवा, रसायन तेच.

खुर्ची डुगडुगते? स्क्रू मारू नका. खाचेत बसलेली कूस (लाकडाच्या टोकाची जीभ) अनेकदा लाकडी खुंटीने अडकवलेली असते. खुंटी न काढता सांधा ओढलात तर कूसच फाटेल. जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून खरवडून काढा आणि पुन्हा सरसच लावा. सरसाच्या थरावर फेविकॉलसारखा पांढरा डिंक नीट धरत नाही.

खरेदीतली एक चूक उलट्या दिशेची. पायाच्या कोपऱ्यांवर जोड दिसला म्हणून लोक अस्सल वस्तू नाकारतात! ओक विशिष्ट पद्धतीने कापला की चकाकते पट्टे दिसतात, पण अखंड पायाच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंवर. चारही बाजूंना ते दिसावेत म्हणून गुस्तावच्या भावांच्या एल. अँड जे. जी. स्टिकली कारखान्यात पाय चार तुकडे जोडून बनवत.

आरपार आलेली कूस मात्र नखाने तपासा. खऱ्या कुशीच्या टोकाला लाकडाचे आडवे कापलेले तंतू दिसतात. नकलेत तिथे नुसता चिकटवलेला ठोकळा असतो. आणि नुसत्या कंपनीच्या शिक्क्यावर जाऊ नका. स्टिकली नावाची कंपनी 1989 पासून जुन्या नमुन्यांचं फर्निचर पुन्हा बनवते आहे. ड्रॉवर बाहेर काढून उलटा करा, त्याच्या तळाच्या कडा झिजल्या आहेत का ते बघा.