आधी चौकटीची वही, मग माऊस: सहावी ते आठवीच्या चित्रकलेच्या तासाला काय द्यावं?

शाळेत संगणक कक्ष आला की चित्रकलेच्या शिक्षकाला सूचना येते, ‘मुलांना काहीतरी डिजिटलही करू द्या.’ मग सातवीची मुलं वहीत काढायची तेच डोंगर, तोच सूर्य आणि तीच झोपडी संगणकावरच्या पेंट प्रोग्राममध्ये काढतात, फक्त रेघ आणखी वाकडी येते. माझं मत सरळ आहे. हाताने जे बरं जमतं ते संगणकावर करायला लावू नये. हाताला कंटाळवाणं किंवा अशक्य असेल तेवढंच यंत्राकडे द्यावं: एकच नक्षी शंभरदा छापणं, डावं-उजवं उलटवणं, आठवडाभराचा वेळ काही सेकंदांत दाखवणं. आणि हाताच्या कामाचा व पडद्यावरच्या कामाचा विषय एकच ठेवावा.

दोन उपक्रम सविस्तर देतो, तिसरा थोडक्यात. तिन्ही नाशिकच्या आसपास सापडणारे आहेत.

सुरुवातीची जुळवाजुळव

मुख्याध्यापकांकडे जोड तासिका मागून घ्या. ३५ मिनिटांत रंग काढून परत ठेवण्यातच निम्मा वेळ जातो. वर्गात ५०-५५ मुलं आणि चालू संगणक १५ असतील तर वर्गाचे दोन गट करा. एक गट संगणकावर, दुसरा हाताच्या कामावर, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. डिजिटल काम गृहपाठ म्हणून कधीही देऊ नका. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. फाइलचं नाव इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक असं ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा, ‘७ब-२३’. नाहीतर पेनड्राइव्हवर ‘मोर नवीन फायनल’ नावाच्या डझनभर फाइली जमतात.

पहिला उपक्रम: पैठणीचा मोर

पैठणी विणणारं येवलं नाशिकपासून ८०-८५ किलोमीटरवर आहे. तिथे सहल नेता आली तर उत्तमच, माग चालताना बघितलेलं मूल पुन्हा कधी ‘नक्षी म्हणजे काठावरचं डिझाइन’ एवढ्यावर थांबत नाही. सहल नाही जमली तरी अडत नाही. घरी आई-आजीची पैठणी असेल तर काठाचा आणि पदराचा जवळून फोटो आणायला सांगा. साडी शाळेत आणू देऊ नका, रंगाचा एक थेंब पडला तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. मुनिया, आसावली, बांगडीमोर, कमळ ही पैठणीवरच्या नक्ष्यांची नावं मुलांकडूनच काढून घ्या, कुणा ना कुणाच्या आजीला ती माहीत असतात.

आता गणिताची चौकटीची वही काढायची. २४ घरं आडवी, २४ उभी, असा चौकोन आखायचा. त्यात मोर किंवा मुनिया (छोटा पक्षी) बसवायची, पण अट अशी की घर एकतर पूर्ण रंगवायचं किंवा पूर्ण रिकामं ठेवायचं. अर्धं घर नाही. रंग तीनच. इथे मुलांची खरी झटापट सुरू होते, कारण मोराची मान गोल आणि घरं चौकोनी. ‘सर, मान पायऱ्यापायऱ्यांची दिसतेय,’ अशी तक्रार येईल. मग पदराचा फोटो मोठा करून दाखवा. विणलेल्या मोराची मानही जवळून पायऱ्यांचीच असते, लांबून ती गोल भासते. वही भिंतीला टेकवून चार पावलं मागे जाऊन बघायला सांगा. या एका गोष्टीवर पूर्ण तास गेला तरी चालेल.

वहीतलं काम तपासून झाल्याशिवाय संगणकाला हात नाही. पेंट उघडून रिसाइझमध्ये जायचं, पिक्सेल निवडायचं, प्रमाण राखण्याची खूण काढायची आणि रुंदी-उंची २४-२४ करायची. झूम ८०० टक्क्यांपर्यंत वाढवायचं, व्ह्यूमधून जाळी सुरू करायची. वहीतलं एक घर म्हणजे इथला एक पिक्सेल. पेन्सिलीने एकेक ठिपका भरत जायचं.

काठ करायचा तर कागद रुंद करावा लागतो, आणि नेमकी इथेच मुलं पुन्हा रिसाइझकडे जातात. तसं केलं की मोर ताणून बदकासारखा होतो. कॅनव्हासच्या उजव्या कडेचा छोटा चौकोन माऊसने धरून ओढायचा, रुंदी २४० होईपर्यंत. मग मोर निवडून कॉपी करून चिकटवायचा आणि बाणांच्या बटणांनी सरकवून शेजारी नेमका बसवायचा. असे दहा मोर एका ओळीत बसतात. एक सोडून एक उलटवला की मोर समोरासमोर येतात. दुसरी ओळ १२ घरं सरकवून टाकली की काठाचा सगळा डौलच बदलतो. वहीत हा प्रयोग करायला महिना लागला असता.

शाळेच्या संगणकावर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर चालत असेल तर त्यात डब्ल्यू बटण दाबलं की नक्षी चारी बाजूंना आपोआप पुन्हा उमटते. पण पहिला काठ पेंटमध्ये हाताने जोडू द्या, नाहीतर पुनरावृत्ती कशी बसते हे कळतच नाही. फाइल पीएनजीमध्येच साठवा, जेपीजीमध्ये रंगांच्या कडा मळतात. छापताना एवढीशी फाइल धूसर येते, म्हणून झूम करून स्क्रीनशॉट घ्या आणि तो छापा.

शेवटी काम परत हातात आणायचं. शिवणकामाच्या दुकानात मॅटीचं, म्हणजे घरं मोजता येतील अशा विणीचं, कापड मिळतं. वीतभर तुकडा प्रत्येकी पुरतो. एक पिक्सेल म्हणजे क्रॉस स्टिचचा, म्हणजे फुलीचा, एक टाका, पार्श्वभूमी मोकळी. मुलगे आधी कुरकुरतात, मग सगळ्यात सुबक टाके बऱ्याचदा त्यांचेच निघतात.

दुसरा उपक्रम: फाळक्यांचा अंकुर

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतला वाटाणा रोपटं होईपर्यंत कॅमेऱ्यात टिपला आणि काही क्षणांत उगवताना दाखवला. भांडवल देणाऱ्याला पटवायला त्या अंकुराचा उपयोग झाला. हे वर्गात सांगा आणि थेट मुगाकडे वळा.

रात्रभर भिजवलेले मूग, पारदर्शक प्लास्टिकचा पेला, ओला कापूस. दाणे पेल्याच्या भिंतीला चिकटून बसवा, म्हणजे बाहेरून दिसतील. कुणाचा तरी जुना फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि पेला व फोन दोन्हींच्या खाली चिकटपट्टीने खुणा करा. फोन विमान मोडवर, फ्लॅश बंद. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर चित्रपट लुकलुकतो. खिडकीपासून लांब, एकाच दिव्याखाली ठेवलं तर फारच छान.

प्रत्येक तासिकेची घंटा झाली की पाळीच्या मुलाने एक फोटो काढायचा. दिवसाला ८, सहा दिवसांत ४८. सेकंदाला ८ फोटो लावले की ६ सेकंदांचा चित्रपट. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये फोटो ओळीने टाकले की काम झालं. रात्री रोप एकदम उडी मारतं, ते कापून टाकू नका. उडी का दिसते, हा प्रश्न वर्गाला घाला.

हे सगळं सुरू करण्याआधी मात्र एक काम: मुलांनी मूग कसा उगवेल ते मनाने काढायचं, वहीच्या कोपऱ्यात २४ पानांची फ्लिपबुक, म्हणजे पानं भरभर उलटली की चित्र हलताना दिसतं. जवळजवळ सगळी मुलं दाण्यातून सरळ वर जाणारी काडी काढतात. चित्रपट बघितल्यावर दुसरी फ्लिपबुक. प्रत्यक्षात आधी मूळ खाली जातं, मग देठ आकड्यासारखा वाकून वर येतो, डोकं खाली घातलेलं, आणि त्यामागून दोन डाळिंब्या ओढत बाहेर येतात. मग आकडा सरळ होतो, पानं उघडतात. दोन्ही फ्लिपबुक शेजारी ठेवून गुण द्या, दुसरीचे जास्त. पालक विचारतात, ‘हे एलिमेंटरीला (चित्रकलेच्या शासकीय परीक्षेला) येणार का?’ प्रश्न म्हणून नाही येणार. पण समोरची वस्तू आहे तशी बघायची सवय वस्तुचित्राच्या पेपरला लागते, आणि ती पाठ करून येत नाही.

तिसरा, एका सहलीपुरता

पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात तुळया खांद्यावर पेलणारे आडदांड गण कोरले आहेत. एका मुलाने एकच गण निवडून २० मिनिटं पेन्सिलीने काढायचा, तोवर फोन दप्तरात. नंतर एक फोटो. शाळेत त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवून फक्त काळं-पांढरं उरवायचं आणि काळा घोटीव कागद कापून चिकटवायचा. दगडावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घ्यायचा मोह होतो. संरक्षित स्मारकात तसं करू देऊ नका. ते शाळेच्या आवारातल्या झाडांच्या खोडांवर करा.

गुण आणि नक्कल

१० पैकी निदान ५ गुण कच्च्या कामाला ठेवा: चौकटीचं पान, पहिली फ्लिपबुक, लेण्यातलं स्केच. आठवीतली मुलं आता एआयकडून चित्र मागवतात. पोलिसगिरी करत बसू नका. वहीतलं पान नसेल तर फाइल तपासायची नाही, एवढा एकच नियम पुरतो. मुलांच्या कामाचे फोटो पालकांच्या गटावर टाका, चेहऱ्यांचे टाळा.

मुगाचा चित्रपट स्नेहसंमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लावता येतो. मॅटीचे तुकडे मुलांना घरी नेऊ द्या. मूळ फाइली मात्र वर्ष संपलं तरी पुसू नका, पुढच्या जूनमध्ये नव्या सहावीला दाखवायला त्याच लागतात.