चॅनेलला प्लाझ्मा-पॉलिमरचा थर देण्याआधीची तयारी

चॅनेल म्हणजे चिपमधली केसाएवढी बारीक नाळ, जिच्यातून द्रव वाहतो. निर्वात चेंबरमध्ये मोनोमरची (लहान रेणूंच्या रसायनाची) वाफ प्लाझ्मात, म्हणजे विजेनं पेटवलेल्या विरळ वायूत, सोडली की नाळेच्या भिंतीवर पॉलिमरचा पातळ थर बसतो. सगळ्यात आधी हा थर कशासाठी हवा ते कागदावर लिहा, कारण मोनोमर त्यावरून ठरतो. पाणी आपोआप आत ओढलं जायला हवं असेल तर अ‍ॅक्रिलिक आम्ल. भिंत धनभारित करून विद्युत-परासरणी प्रवाहाची (वीज लावल्यावर भारित भिंतीमुळे वाहणाऱ्या द्रवाची) दिशा उलटवायची असेल तर अ‍ॅलिलअमाइन. एखादा पट्टा पाण्याला अडवणारा हवा असेल तर हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन. प्रथिनं चिकटू द्यायची नसतील तर कमी शक्तीवर टेट्राग्लाइम. यातल्या टेट्राग्लाइमची वाफ फार कमी होते, त्यामुळे बाटली आणि नळी दोन्ही गरम ठेवायची सोय आधीच करा. नळी थंड राहिली तर मोनोमर वाटेतच साचतो.

अ‍ॅक्रिलिक आम्लाची साठवण सातारा-सांगलीच्या उन्हाळ्यात खरंच जपा. ते साधारण १३ अंशांना गोठतं. फ्रिजमध्ये गोठवून घाईनं वितळवलं की त्यातलं प्रतिबंधक (आपोआप पॉलिमर होणं रोखणारं रसायन) असमान पसरतं आणि बाटली स्वतःहून तापून पॉलिमर होऊ शकते. मे महिन्यातली बंद खोलीही तितकीच वाईट. १५ ते २५ अंश राहतील अशी जागा शोधा. वायुमुक्त करताना (विरघळलेली हवा काढताना) ५-१० मिली एवढंच घ्या आणि त्याच दिवशी वापरून संपवा, कारण हे प्रतिबंधक ऑक्सिजन असेल तरच काम करतं. अ‍ॅलिलअमाइन विषारी आहे, डोळ्यांना झोंबतं, लगेच पेटतं. ते धूरकपाटाबाहेर उघडू नका.

वायुमुक्त करण्याची गोठवा-उपसा-वितळवा ही फेरी तीनदा करायला द्रव नायट्रोजन लागेल. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात फिरतच असतो, त्यामुळे मिळण्याची अडचण नाही. मात्र शीतसापळ्यातून (द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या, वाफ गोठवून धरणाऱ्या भांड्यातून) हवा ओढत राहू नका. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ वर द्रव होतो. सापळ्यात निळसर द्रव दिसला तर तो द्रव ऑक्सिजन, सेंद्रिय मोनोमरसोबत स्फोटक आहे.

आता पंप. साताऱ्यात साध्या काट्याचा मापक ७०० मिमीच्या आसपास थांबतो, सांगलीत ७१० च्या. तो ७६० दाखवत नाही म्हणून गळती शोधत बसू नका, आपण समुद्रसपाटीपासून उंच आहोत एवढंच. खरी तपासणी पिरानी मापकावर (अगदी कमी दाब मोजणाऱ्या) होते: चेंबर ०.०१ मिलीबारपर्यंत उपसा, झडप बंद करा, मिनिटभर दाब किती चढतो ते बघा. ५ लिटरच्या चेंबरमध्ये मिनिटाला ०.०१ मिलीबार चढला तर गळती सुमारे ०.०५ एससीसीएम (प्रमाण स्थितीतल्या वायूचे मिनिटाला घन सेंटिमीटर). मोनोमर २ एससीसीएम असेल तर ही अडीच टक्के, चालेल. दसपट झाली की थरात ऑक्सिजन शिरतो आणि रोज वेगळा थर बसतो. पावसाळ्यात चेंबरच्या भिंतींवरचं पाणीसुद्धा गळतीसारखंच दिसतं, तेव्हा आदल्या रात्रीपासून उपसा चालू ठेवा. वीज गेल्यावर पंपाचं तेल मागे चेंबरमध्ये येऊ नये म्हणून उलटप्रवाह रोखणारी झडप लागते. ऑक्सिजन वापरणार असाल तर खनिज तेलाचा पंप नकोच.

चिप: सिल्गार्ड १८४ (पीडीएमएस हे सिलिकोन रबर), दहा भागांना एक भाग घट्टकारक, हवा काढून ७० अंशांवर किमान २ तास. थर चॅनेल उघडा असतानाच द्या. बंद चॅनेलच्या ५०-१०० मायक्रॉनच्या पोकळीत प्लाझ्मा पेटत नाही. थर तोंडाशी बसतो, मधला भाग कोरा राहतो. चौथी भिंत, म्हणजे झाकण, काचेची असते हे विसरलं जातं, तिलाही तोच थर हवा. एकदा थर बसला की नेहमीची प्लाझ्मा-जोडणी (ऑक्सिजन-प्लाझ्मानं चिप काचेला कायमची चिकटवणं) करू नका, ऑक्सिजन तो थरच खातो. त्याऐवजी दोन अ‍ॅक्रिलिक पाट्यांमध्ये स्क्रूनं दाबलेली चिप निदान ३० किलोपास्कलपर्यंत तगते. ५० मायक्रॉन उंच, १०० मायक्रॉन रुंद चॅनेलमध्ये संपर्ककोन (पाण्याचा थेंब भिंतीला टेकतो तो कोन) ३० अंश असेल तर केशिकादाब (पाणी आत ओढणारा दाब) सुमारे ३.७ किलोपास्कलच येतो, म्हणजे भरपूर पुरतं.

चेंबरमध्ये चिपशेजारी, मोनोमरच्या तोंडापासून तेवढ्याच अंतरावर, सिलिकॉन वेफर, काच आणि पीडीएमएस यांचे साक्षी तुकडे ठेवा. चॅनेलच्या आत कोन मोजता येत नाही. सुरुवात १३.५६ मेगाहर्ट्झ, १० वॉट, ०.२ मिलीबार इथून करा. शक्ती जास्त झाली तर क्रियागट (मोनोमरचे आपल्याला हवे असलेले रासायनिक गट) तुटतात, कमी झाली तर थर पाण्यात विरघळतो. दाब जास्त झाला की भुकटी पडते. चॅनेल बंद करते ती ही भुकटी. ५० नॅनोमीटरचा थर प्रवाहाला जाणवतही नाही.

थर पाण्यात टिकतो का ते कळावं म्हणून जोडणीआधी साक्षी तुकडे पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफर द्रावणात) २४ तास बुडवून कोन आणि जाडी पुन्हा मोजा. कोन कोऱ्या पीडीएमएसच्या १०५-११० अंशांकडे सरकला तर थर सुटला. अशा वेळी शक्ती थोडी वाढवा किंवा मोनोमरचा प्रवाह कमी करा. प्रथिन-चाचणीला नुसतं चमकणारं (फ्लुरोसंट रंग जोडलेलं) बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, पुरत नाही. ते पीएच ७.४ ला ऋणभारित, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या भिंतीला कमीच चिकटतं. लायसोझाइम (अंड्यातलं एक प्रथिन) धनभारित असतं आणि त्याच भिंतीवर जमतं. दोन्ही १ मिलीग्रॅम प्रति मिली, तासभर ठेवा, पीबीएसनं धुवा. चिप दुधासाठी असेल तर केसीन आणि स्निग्ध कण असलेलं प्रत्यक्ष दूधच त्यातून चालवा.