हँडल मारताय? आधी या चुका टाळा

जुन्या गाड्या आणि विहिरीवरची जुनी ऑइल इंजिनं हौसेनं घेऊन चालू करणाऱ्यांची सध्या लाट आली आहे. लाट चांगलीच आहे, भंगारात जाणारं लोखंड त्यामुळे वाचतंय. पण सेल्फ स्टार्टरवर वाढलेली मंडळी इंजिन सुरू करायचं हँडल हातात आलं की विहिरीचा रहाट ओढल्यासारखी गरागरा फिरवत सुटतात आणि मग मनगट गळ्यात बांधून विचारतात, ‘असं कसं झालं?’ तसंच होणार होतं. चुकाही त्याच त्या. नवी चूक करणारा मला अजून भेटायचा आहे.

उलटा झटका न समजता हँडलला हात घालणं

पेट्रोल इंजिनात ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडी आधी पडते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. इंजिन चालू असताना हे बरोबर आहे. पण हातानं फिरवताना गती फारच कमी असते. तेव्हा ठिणगी आधी पडली, तर पिस्टन वर पोचायच्या आतच खाली ढकलला जातो आणि इंजिन उलटं फिरतं. हँडल तुमच्या हातात असतं, तेही उलटं येतं.

याची सोय जुन्या गाड्यांत होती. फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या असतात, उजवीकडची थ्रॉटलची आणि डावीकडची ठिणगीची. डावी दांडी पूर्ण वर केली की ठिणगी उशिरा पडते. ही दांडी वर न करता गाडीपुढे जाऊन उभं राहणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागडी चूक. बायरन कार्टर हा अमेरिकेतला मोटार बनवणारा माणूस, ‘कार्टरकार’ त्याचीच. १९०८ साली तो गेला. नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी, की डेट्रॉइटच्या बेल आइल भागात एका बाईंची गाडी बंद पडली होती आणि हा मदतीला उतरला. ठिणगी मागे घेतलेली, म्हणजे उशिरा पडेल अशी केलेली, नव्हती. हँडल उलटं येऊन जबड्यावर बसलं, पुढे न्यूमोनिया झाला आणि तो दगावला. कॅडिलॅक मोटार कंपनीचे हेन्री लेलंड यांना हे फार लागलं म्हणतात. त्यानंतर चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२च्या कॅडिलॅकवर आला. मॉडेल टीवर मात्र तो १९१९ साली आला. तोवर लाखो माणसं रोज सकाळी हँडल मारत होती. मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूचं हाड एका ठरावीक तऱ्हेनं मोडलं, तर हाडांचे डॉक्टर त्याला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच काळामुळे.

‘हँडल आपोआप सुटतं ना, मग भीती कसली?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारतात की वैताग येतो. ते कसं सुटतं हे एकदा बघा. हँडलच्या नळीच्या टोकाला खाच असते. खाचेची एक कड सरळ उभी, दुसरी तिरकी. इंजिनाच्या फिरत्या शाफ्टला आडवी पिन असते. तुम्ही फिरवता तेव्हा उभी कड पिनेला ढकलते. इंजिन सुरू होऊन तुमच्या पुढे पळालं की पिन तिरक्या कडेवर चढते आणि हँडल बाहेर ढकलून देते. आता इंजिन उलटं फिरलं तर? पिन त्याच उभ्या कडेवर आणखी जोरात बसते. हँडल सुटत नाही, उलट घट्ट धरलं जातं. सुरक्षिततेची सगळी सोय एकाच दिशेची आहे, दुसऱ्या दिशेला राखण फक्त तुमच्या हाताची. उलट्या झटक्याला सुटणारी हँडलं त्या काळातही लोकांनी बनवली होती आणि काही नव्या हातस्टार्ट डिझेल इंजिनांना तसली हँडलं मिळतात. तुम्ही बाजारातून उचललेल्या इंजिनावर ती नसणार, हे धरून चाला.

म्हणून अंगठा. अंगठा बोटांच्याच बाजूला, दांड्याला वेढा घालायचा नाही. झटका आला तर बोटं आपोआप उघडतात. अंगठ्याचा वेढा असेल तर दांडा हाताला घेऊनच फिरतो. आणि ओढायचं ते खालून वर. वरून खाली वजन टाकून दाबणारे लोक दिसले की मी तिथून निघून जातो. वजन खाली टाकलेलं असताना दांडा उलटा उसळला, तर मनगट, कोपर आणि प्रसंगी हनुवटी, सगळंच त्याच्या वाटेत असतं. समोरून पाहिलं तर मॉडेल टी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, म्हणून मी डावा हात वापरतो. दांडा डावीकडे खाली ठेवायचा आणि वर ओढायचा. उलटा आला तर तो बोटांतून निसटून खाली जातो, हाताचं हाड त्याच्या फेऱ्यात येत नाही. उजव्या हातानं ‘जोर जास्त लागतो’ म्हणतात. जोर लागतच नाही. अर्ध्या फेऱ्याहून कमी, एक मोकळा झटका. दमदार इंजिन तेवढ्यावर बोलतं, आणि नाही बोललं तर दोष दुसरीकडे आहे.

दांडी वर केली म्हणजे ठिणगी खरोखर उशिरा पडतेच, असंही मानू नका. शंभर वर्षांत ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या टायमरचा दुवा कुणीतरी वाकवलेला असतो. पिस्टन वरचं टोक ओलांडून खाली यायला लागल्यावरच ठिणगीची वीज देणारी कॉइल गुणगुणली पाहिजे. हे प्लग काढून, पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन हळूहळू फिरवत तपासता येतं. नवी गाडी हातात आली की मी पहिलं काम हे करतो. रंग आणि पॉलिश नंतर. मॅग्नेटोवरच्या, म्हणजे ठिणगीची वीज बॅटरीशिवाय स्वतःच बनवणाऱ्या यंत्रावरच्या, स्थिर इंजिनांना आणि जुन्या ट्रॅक्टरांना दांडीऐवजी मॅग्नेटोतच इम्पल्स कपलिंग असतं. हळू फिरवताना ते ठिणगी अडवून ठेवतं आणि मग ‘टक्’ करून सोडतं. ही टक् ऐकू आली नाही तर हँडल मारायचं नाही. त्यावर वाद नको.

हँडल ‘करून घेणं’

सांगली जिल्ह्यातल्या एका मळ्यात एका हौशी पोरानं लिस्टर पद्धतीचं सहा घोड्यांचं इंजिन आणलं. मिनिटाला ६५० फेऱ्यांचं, दोन मोठ्या चाकांचं. मूळ हँडल हरवलेलं. मी फोनवर सांगितलं होतं, की कुणाकडचं तरी जुनं हँडल मिळव, मग बघू. ‘काका, हँडल म्हणजे काय, एक पाईप आणि एक दांडा,’ म्हणाला. वेल्डरकडून करून आणलं. बघायला गेलो तर वेल्डिंग देखणं, पण खाच ग्राइंडरनं सरळ कापलेली, दोन्ही कडा उभ्या. म्हटलं, ही कड कानशीनं तिरकी केल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘हो काका,’ म्हणाला आणि मी पाण्याची टाकी बघायला वळलो. मित्र मोबाईल धरून उभा होता, व्हिडिओ करायचा होता, आणि ऊन उतरायच्या आत करायचा होता.

इंजिन छान सुरू झालं, तिथंच सगळं बिघडलं. हँडल सुटलं नाही. पोरानं घाबरून हात काढला आणि हँडल शाफ्टवर गरगरायला लागलं. हिशेब करा, फूटभर लांबीचा दांडा मिनिटाला ६५० फेऱ्यांनी फिरला, तर त्याचं टोक ताशी सत्तर किलोमीटरच्या वर जातं. मी ओरडलो ते मोबाईलवाल्यासाठी, कारण तो बरोबर चाकाच्या रेषेत उभा होता. तो बाजूला झाला आणि काही सेकंदांत हँडल उडून शेडच्या पत्र्यातून आरपार उसात गेलं. मी पलीकडच्या बाजूनं जाऊन इंधन बंद केलं. आवाज ऐकून पोराचे आजोबा आले. त्यांनी उभी हयात असल्या इंजिनांवर पाणी पाजलेलं. पत्र्याचं भोक बघून एवढंच म्हणाले, ‘तिरपी कड ठेवली न्हाईस व्हय रं?’

अशा वेळी काय करायचं ते लक्षात ठेवा. फिरणारं हँडल धरायला कधीही जायचं नाही. चाकाच्या रेषेतून बाजूला व्हायचं, लोकांना बाजूला करायचं आणि दुसऱ्या बाजूनं इंधन तोडायचं.

इंजिन सुरू होण्याआधी माझी एक साधी परीक्षा असते. इंधन बंद, हँडल शाफ्टवर चढवलेलं आणि एका हातानं स्थिर धरलेलं. दुसऱ्या माणसानं चाक हातानं इंजिनाच्या चालण्याच्या दिशेला हळू फिरवायचं. हँडल स्वतःहून बाहेर सरकलं पाहिजे. अडलं तर खाचेत धातूचे बारीक काटे राहिलेले असतात, तिरकी कड झिजलेली असते किंवा शाफ्टच्या टोकावर गंज असतो. रॉकेलनं पुसा, थेंबभर तेल द्या, कानस मारा. मग पिन बघा. ती झिजून गोल झाली असेल तर उलटीच अडचण होते. ऐन ओढताना हँडल घसरतं आणि माणूस रेडिएटरवर तोंड आपटतो. पिन बदलायला पाच मिनिटं लागतात, दात बसवायला किती लागतात ते दातांच्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. इंजिनानं पेट घेतला की हँडल सोडून पळायचं नसतं. धरून ठेवलं तरच पिन तिरक्या कडेवर चढते आणि हँडल हातात निघून येतं. सोडलं तर ते घर्षणानं शाफ्टबरोबर फिरायला लागतं. म्हणजे सुलट सुरू झालं तर धरून बाहेर काढायचं, उलटं आलं तर हातातून निसटू द्यायचं. विचार करून हे जमत नाही, तेवढा वेळच नसतो. अंगठा बाहेर ठेवलेली मोकळी पकड असेल तर दोन्ही गोष्टी आपोआप होतात.

डिझेलची हवा लवकर धरणं

डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे मागे घ्यायची दांडीही नाही. मॉडेल टीमध्ये हवा चार-साडेचार पट दाबली जाते, तर विहिरीवरच्या डिझेलमध्ये सोळा-सतरा पट. ती हातानं दाबणं कुणाच्या बापाला जमत नाही, म्हणून व्हॉल्व्ह उघडा धरणारा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दिलेला असतो. लिव्हर उचलायचा, चाकाला गती द्यायची, डिझेल फवारणाऱ्या नोझलचा कर्र आवाज येतोय का ऐकायचं आणि मग लिव्हर टाकायचा. पिस्टनला टोकापलीकडे नेतो तो चाकाचा वेग, तुमचा दंड नाही.

घाई करणारे दोन फेऱ्यांत लिव्हर टाकतात. किंवा लिव्हर टाकायच्या क्षणी मनातून कचरतात आणि हात ढिला पडतो. पिस्टन टोकाच्या अलीकडे अडतो, डिझेल तर आधीच फवारलेलं असतं, आणि इंजिन उलटं उसळतं. कधी ते उलटंच चालूही राहतं, एअर फिल्टरमधून धूर यायला लागतो आणि हँडल उभ्या कडेवर घट्ट बसलेलं असतं. तेव्हाही उपाय तोच, बाजूला व्हा आणि इंधन तोडा.

एकानं हँडल मारायचं आणि दुसऱ्यानं लिव्हर टाकायचा, ही पद्धत मला पटत नाही. ‘टाक’ आणि ‘टाकू का’ यांच्यात नेहमी गोंधळ होतो. लहान इंजिनावर दोन्ही हात एकाच माणसाचे असावेत. मोठ्या इंजिनावर दुसरा माणूस लागलाच तर तो बोलका नसावा.

बाकीच्या, थोडक्यात

गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मॉडेल टीचा क्लच तेलात बुडालेला असतो, थंडीत तो चिकटतो आणि गाडी सुरू होताच पुढे सरकते. हातब्रेकचा दांडा पूर्ण मागे, चाकाला लाकूड आणि तुमच्या पाठीशी भिंत नको.

स्विच बंद म्हणजे इंजिन मेलेलं, हे मॅग्नेटोच्या बाबतीत खरं नाही. तिथं स्विच मॅग्नेटोला अर्थिंग देऊन बंद करतो. ती वायर तुटली असेल तर ‘बंद’वरही ठिणगी पडते.

उपरणं, मफलर, ओढणी, सैल बाही हे सगळं बाजूला. चाक शाफ्टवर घट्ट बसवणाऱ्या चावीचं डोकं बाहेर आलेलं असतं, ते कापड धरतं.

विहिरीच्या काठी चिखलात उभं राहून हँडल मारू नका. पोतं टाका, कोरडी माती टाका.

हँडलला लांब पाईप लावून जोर वाढवणारे दिसले तर त्यांना माझा नमस्कार सांगा आणि दूर उभे राहा.

जीप आणि ॲम्बॅसेडरवाल्यांनो, बॅटरी उतरल्यावर बंपरमधून हँडल घालताना गाडी गिअरमधून काढलीय का ते बघा. सवय नसल्यामुळे तुमच्यातच जास्त लोक विसरतात.

डिझेल सुरू होत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा किंवा ईथरचा फवारा धरणं हा आवडता आडमार्ग. ते डिझेलच्या आधीच, पिस्टन वर येत असतानाच पेटतं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन उलटा झटका विकत घेता. ज्याला नोझल आणि पिस्टनच्या रिंगा तपासायचा कंटाळा, त्याचा हा उद्योग.

आणि पेट्रोल इंजिन चार-पाच झटक्यांत बोललं नाही, तर थांबा. घाम गाळून ते सुरू होणार नाही. दमलेल्या माणसाची पकड बिघडते, अंगठा आत जातो. टाकीचा कॉक उघडा आहे का, ठिणगी येतेय का ते बघा. पेट्रोलचा वास मारत असेल तर चोक सोडा, स्विच बंद करा, थ्रॉटल उघडं ठेवून हळूच काही फेरे द्या आणि वास गेला की मगच स्विच लावा.