तोंडी ठरलेल्या कामाचे पैसे असे वसूल झाले

माझं फॅब्रिकेशनचं काम. एका बंगल्याचं जिन्याचं रेलिंग आणि गच्चीवरची शेड, सगळं बोलीवर ठरलेलं. काम संपल्यावर मालक म्हणाले, "एवढा दर ठरलाच नव्हता. कागद कुठाय?"

कागद नसला तरी करार असतोच. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 10 मध्ये असलं काम तोंडी ठरलेलंही चालतं. दरावरून वाद उरलाच, तर कलम 70 आहे: फुकट करायच्या इराद्याने न केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर मोबदला द्यावाच लागतो. खरी अडचण पुराव्याची.

म्हणून बाचाबाची थांबवली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "साहेब, ठरल्याप्रमाणे काम पूर्ण झालं. दर फुटाला 850, मापं सोबत जोडली आहेत. अ‍ॅडव्हान्स वजा करून बाकी कधी देताय?" संध्याकाळी उत्तर आलं, "पुढच्या महिन्यात बघतो, जरा थांबा." दर नाकारला नाही! मला तेवढंच हवं होतं. जोडीला अ‍ॅडव्हान्सची यूपीआय नोंद, लोखंडाची बिलं, मापाची वही, आणि बोलणं झालं तेव्हा हजर असलेला माझा वेल्डर.

हे सगळं वकिलांकडे नेलं. त्यांनी मूळ फोन जपायला सांगितलं. चॅट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. नोटीस स्पीड पोस्टाने गेली आणि मुदतीच्या आत बाकी खात्यात जमा झाली. दावा लावायची वेळ आलीच, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा.