कथक शिकणारं मूल पुढे नृत्यरचनाकार व्हावं असं वाटतं? मग या चुका टाळा

कथकची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, चौदा वर्षांची एक मुलगी आमच्या वर्गात आली. तत्कार, म्हणजे पायांचं काम, स्वच्छ, चक्कर एका जागेवर, चेहरा बोलका. मी म्हटलं, "तिग्धा दिगदिग थेई ही तिहाई झपतालात घे बघू." ती म्हणाली, "ताई, ही तीनतालातली आहे. झपतालातली वेगळी आहे." तिहाई म्हणजे तोच बोल तीनदा म्हणून शेवट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणणं.

सात वर्षं शिकलेल्या मुलीचं हे उत्तर ऐकून मला तिचा राग आला नाही. तिला बंदिशी, म्हणजे तालात बांधलेल्या रचना, भरपूर मिळाल्या होत्या, पण त्यांची शिवण कुणी उसवून दाखवली नव्हती. गेली वीस वर्षं शिकवताना मी हेच बघतेय. छान नाचणारी मुलं ढिगानं तयार होतात, पण स्वतःचं काही बांधायला सांगितलं की हात वर. ही अडचण पंचविशीत दिसते, पण तिचं मूळ दहा ते पंधरा या वयात असतं.

बंदिश पाठ, हिशेब कोरा

त्या मुलीला आम्ही फळ्यापाशी नेलं. तिग्धा, दिगदिग, थेई या तीन मात्रा. तीनदा म्हटल्या की नऊ. शेवटची थेई समेवर हवी, म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रांत सुरुवात नवव्या मात्रेवर, बरोबर 'खाली' म्हणतात त्या मात्रेवर. आता पहिल्या दोन थेईंनंतर एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, द्या. झाल्या अकरा. म्हणजे उठायचं सातव्या मात्रेवरून. झपताल दहा मात्रांचा, तेव्हा हीच अकरा मात्रांची तिहाई समेवरून उचलली की पुढच्या समेवर जाऊन पडते. बोल तेच, पाय तेच. पोरगी दोन मिनिटं बोटांवर मोजत बसली आणि मग स्वतःहूनच म्हणाली, "मग रूपकात?" रूपक सात मात्रांचा. उत्तर मी दिलं नाही.

हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं. पाढे येतात ना, मग येतं. नवा तुकडा बसला की पुढच्या तासाला त्यातलं काहीतरी बदलून आणायला सांगा: तिहाईतला दम वाढवा, शेवटचा बोल बदला, उठान, म्हणजे सुरुवात, वेगळ्या मात्रेवरून करा. निम्म्या वेळा सम चुकेल. चुकू द्या.

पढंत म्हणजे वेळ घालवणं, असं समजणं

हाताने ताल देत तोंडाने बोल म्हणणं मुलांना कंटाळवाणं वाटतं आणि पालकांना तर ते नाचच वाटत नाही. "आज नुसतं बसवून ठेवलं का?" हा प्रश्न मी दर महिन्याला ऐकते. मात्र ज्याच्या तोंडात बोल बसलेला नाही, त्याच्या पायात तो नुसता आवाज असतो.

दुसरा घोटाळा मोबाईलवरच्या लेहऱ्याचा, म्हणजे ताल कळावा म्हणून फिरत राहणाऱ्या सुरावटीचा. रियाजाला तो सोयीचा, मीही वापरते. पण यंत्र कधी लय वाढवत नाही आणि तुमच्याकडे बघतही नाही. मी स्वतः विशारदच्या परीक्षेत याचा फटका खाल्लाय. वर्षभर यंत्रावर घोटलं होतं. परीक्षेला तबलजींनी लय जरा चढी धरली आणि माझी पहिलीच परण (पखवाजाच्या बोलांची रचना) समेच्या एक मात्रा मागे पडली. त्यांना 'थोडी लय कमी करा' असं म्हणायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं! आठवड्यातून एकदा तरी माणसाच्या साथीवर नाचायला मिळावं. तबला-पेटी परवडत नसेल तर एका मुलाने नाचायचं, दुसऱ्याने ठेका धरायचा. ठेका धरणाराच जास्त शिकतो.

परीक्षांची शर्यत

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगावच्या वर्गांना शिस्त दिली, हे मान्यच. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठी 'तेवढी मध्यमा उरकून टाका' म्हणणाऱ्या आया भेटतात तेव्हा हसू येतं. मग वर्षभर फक्त पाठ्यक्रम, आणि परीक्षा झाली की सगळं विसरायला मोकळे. दोन परीक्षांच्या मध्ये एक वर्ष रिकामं ठेवून पाहा. त्या वर्षात गतभाव, म्हणजे अभिनयातून गोष्ट सांगणं, करा, एखादी गोष्ट मुलांनाच बसवू द्या.

टाच दुखतेय, तरी 'सवय होईल'

साधारण आठ ते चौदा वर्षांपर्यंत टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि तिथला वाढीचा भाग अजून नाजूक असतो. कथकमध्ये त्याच टाचेवर आघात आणि तिच्यावरच चक्कर. त्यात आपले वर्ग शहाबादी नाहीतर टाइल्सच्या हॉलमध्ये, खाली थेट काँक्रीट. मूल तासानंतर चवड्यावर चालत असेल किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ओरडत असेल तर तत्कार बंद करून डॉक्टरांना दाखवा. त्या दिवसांत बसून पढंत आणि हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, करता येतात. सतरंजीचा इथे काही उपयोग नाही, उलट पाय सरकतो. रबराच्या पट्ट्यांवर जाड प्लायवुड टाकलेलं बरं. घुंगरांचंही तेच. पावलाचा आवाज आधी स्वच्छ येऊ दे, मग पायागणिक पन्नास बांधा. शंभर घुंगरांखाली अर्धवट पाऊल लपतं आणि ते पुढे कायमचं लपलेलंच राहतं.

'इकडचं तिकडचं' शिकू न देणं

कथक शिकतेस तर गाणं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी कथक नर्तिका रोहिणी भाटे यांच्याकडे बघावं. पुण्याच्या बेबीताई. सुरुवात पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यमने, मग कथक, सोबत हिंदुस्थानी गायनाची तालीम. 1947 मध्ये त्यांनी नृत्यभारती काढली आणि पुढे रचनांचा एवढा मोठा संसार उभा केला. स्वरांची आणि साहित्याची समज नसती तर तो उभा राहिला असता असं मला वाटत नाही. अहमदाबादच्या कथक नृत्यरचनाकार कुमुदिनी लाखिया किशोरवयातच नर्तक राम गोपाल यांच्या संचाबरोबर परदेशी रंगमंचावर वावरल्या. समूहात कोण कुठे उभं राहतं, रिकामी जागा कशी दिसते, याची पुढे त्यांच्या समूहरचनांत दिसलेली जाण मला त्या वयातली वाटते. आपल्या मुलांना स्नेहसंमेलनात निदान पडद्यामागून एक अख्खा कार्यक्रम बघू द्या.

व्हिडिओ बघून रियाज करत असाल तर एवढंच: गुरूंनी पाठवलेला व्हिडिओ तीनदा बघा, मग फोन पालथा घाला. सतत बघून नाचलं की डावं-उजवं उलटं बसतं आणि मात्रा मोजायची सवय जाते.

राहिली दहावी. वर्ग सुटतो तो इथेच, आणि सुटलेली मुलं बहुतेक परत येत नाहीत. तास बंद करायचा असेल तर करा, पण दहावीच्या क्लासला जाताना रिक्षात बसल्या बसल्या मांडीवर ताल देऊन पाच बंदिशी म्हणायला काय जातं? ती झपतालवाली मुलगी हेच करत होती. मार्चमध्ये परीक्षा संपली आणि एप्रिलच्या पहिल्या तासाला ती रूपकातली तिहाई घेऊन आली. सम चुकली होती, एका मात्रेने.